बरोबर गुरुजी

माणदेशातल्या आमच्या गावात पाऊस कमी आणि शिक्षणतज्ज्ञ भरपूर. शेतीबद्दल बोलताना माणूस जरा दबकून बोलतो, कारण ऐकणाराही शेतकरीच असतो आणि तो लगेच खोडून काढतो. शाळेचं तसं नाही. शाळेत जो तो कधी ना कधी गेलेला असतो, निदान शाळेवरून तरी गेलेला असतो, आणि मत द्यायला तेवढं पुरतं. ही सगळी मतं दिवसभरात कधी तरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या फाटकातून आत येतात. आत एक गृहस्थ ती उभ्या उभ्या ऐकून घेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "बरोबर आहे तुमचं."

गावानं त्यांचं नावच 'बरोबर गुरुजी' ठेवलंय. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, आणि त्याची गरज पगारालाच लागते.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो शिक्षणतज्ज्ञ म्हणून. हसू नका. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, आणि आमच्याकडे त्यात एक शिक्षणतज्ज्ञही घेतात. नोकरीतून मोकळा होऊन मी नुकताच गावी राहायला आलो होतो. निवडीच्या दिवशी डोळ्यांवर चष्मा होता, हातात वर्तमानपत्र होतं. निवड बिनविरोध झाली. "मला शिक्षणातलं काही कळत नाही हो," मी म्हणालो. "बरोबर आहे," गुरुजी म्हणाले, "इथं सही करा."

गुरुजी पंचेचाळिशीच्या आसपासचे. राहायला दहिवडीला, येणं-जाणं मोटारसायकलवर. चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा, पट सदतीस. दुसऱ्या ज्या बाई आहेत त्या फार हुशार आहेत असं ऐकतो, पण त्या बहुतेक प्रशिक्षणाला असतात. मुख्याध्यापकाचं पद अशा शाळेला नसतं. मुख्याध्यापकाची कामं मात्र असतात. गुरुजींच्या पाठीवर एक काळी सॅक असते, तेच शाळेचं कार्यालय. तीत शाळेचा शिक्का, शाईचं पॅड, पोषण आहाराची नोंदवही, मुलांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटोंचं पाकीट, फेव्हिस्टिक, कात्री, पॉवर बँक, दोन फोन, आणि सगळ्यात तळाशी प्लॅस्टिकच्या साबणदाणीत खडू. वरची प्रत्येक वस्तू बाजूला केल्याशिवाय खडूपर्यंत हात पोचत नाही.

दोन फोनांपैकी एक घरचा, दुसरा माहितीचा. माहितीच्या फोनवर केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, मतदार याद्यांचा, संघटनेचा आणि शिक्षक सोसायटीचा असे निरनिराळे ग्रुप आहेत. त्यावर निरोप दोनच प्रकारचे येतात: तात्काळ आणि अतितात्काळ. दुपारी दोनपर्यंत हवी असलेली माहिती दीडला मागवायची, अशी रीत आहे. किती मुलांचे दात किडले आहेत, शाळेत परसबाग आहे का, असल्यास तीत काय लावलंय, रोपासोबत मुलाचा फोटो, मुलासोबत पालकाचा फोटो. आणि माहिती नसेल तर गप्प बसायची सोय नाही; 'निरंक असल्यास निरंक कळवावे' ही ओळ खाली असतेच. गुरुजींचं निम्मं आयुष्य नसलेल्या गोष्टी नाहीत असं कळवण्यात गेलं आहे.

त्यात शाळेत रेंज नाही. ती गावच्या पाण्याच्या टाकीवर येते, आणि तीही चौथ्या पायरीपासून. गुरुजी टाकीकडे निघाले की पारावरची मंडळी म्हणतात, "गुर्जी वर चालले, म्हंजी वरनं काय तरी आलंय."

मी तज्ज्ञ झाल्यावर कायदा वाचून काढला. त्यातल्या कलम २७ मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं स्वच्छ लिहिलं आहे. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मोठ्या उत्साहानं मी ते गुरुजींना दाखवलं. त्यांनी ते मन लावून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण आमच्याकडे येतं त्याला अशैक्षणिक कोणी म्हणतच नाही ना! दात मुलांचे, म्हणजे शैक्षणिक."

आता मतांकडे येऊ.

सकाळी पहिले येतात आबा. वय ऐंशीच्या पुढं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं अजून तोंडपाठ. बाजारात दुकानदारानं कॅल्क्युलेटर उचलायच्या आत हिशेब सांगतात आणि मग त्या यंत्राकडे तुच्छतेनं बघत बसतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असंही वाचायला दिलं, तेव्हापासून आबांचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास उडाला. "वीस सात? उद्या माझं वय इचारलं तर ऐंशी तीन सांगू का?"

"बरोबर आहे, आबा," गुरुजी म्हणाले. आबा समाधानानं काठी टेकत गेले. मी तिथंच बसलो होतो, म्हणून पुढचं दिसलं. गुरुजींनी दुसरीतल्या एका पोराला सत्तावन्न लिहायला सांगितलं. त्याच्या कानावर आधी सात पडला, मग पन्नास. त्यानं पाटीवर आधी सात काढला, त्याच्या शेजारी पाच. झाले पंचाहत्तर. गुरुजी खाली वाकून हळूच म्हणाले, "पन्नास सात." पोरानं थुंकी लावून पाटी पुसली आणि सत्तावन्न लिहिले, अगदी झोकात.

"आता हे काय लिहिलंस?"

"पन्नास सात."

"आणि आबांनी विचारलं तर?"

"सत्तावन्न!"

त्या दिवशी मला गुरुजींच्या 'बरोबर आहे'चा पहिल्यांदा संशय आला.

दुसरे सुभेदार. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यांतले हे निवृत्त. त्यांचं म्हणणं छडी बंद झाली आणि पिढी बिघडली. मारायला कायद्यानं बंदी आहे, कलम १७, हे मी तज्ज्ञ या नात्यानं सांगायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कलमाचा आकडा विसरलो. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे साहेब. शिस्त पाहिजेच. शनिवारची कवायत तुम्ही घ्या." सुभेदार शनिवारी कडक इस्त्रीत हजर झाले. पहिलीच्या पोरांना त्यांनी सावधान केलं. एकानं सावधानमध्येच चिंच खाल्ली. दुसरीला शू लागली. तिसऱ्यानं विचारलं, "आजोबा, तुमी खरंच मानूस मारलाय का?" काही शनिवार गेले. आता सुभेदार छडीबद्दल बोलत नाहीत, खिशात गोळ्या घेऊन येतात आणि गुरुजींना विचारतात, "तुमी ह्यास्नी रोज कसं सांभाळता वो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाकडे मत घेऊन गेलेला काम घेऊन परततो. रंगरंगोटीचं मत घेऊन गेलेल्या सरपंचांनी भिंती रंगवून दिल्या, मुळाक्षरं आणि गावच्या नकाशासकट. मुंबईहून आलेला एक टॅक्सीवाला भाचा म्हणाला, "आता पोरांना एआय शिकवा, गुरुजी. मराठी-बिराठी जाऊ दे." गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे. आधी लाइटबिलाचं बघू." बिल त्यानं भरलं. एआय अजून आलेलं नाही, पंखा मात्र फिरतोय.

एकदाच कोणी तरी त्यांना पेचात धरायचा प्रयत्न केला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो आमच्या पारावर अजून गाजतो. "तो बी झेडपीचा मास्तर, तुमी बी झेडपीचे. त्यास्नी सात कोटी, आन् तुमास्नी?"

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "त्यांनी त्यातले निम्मे बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटले."

पार गप्प झाला. मग एक म्हातारा हळहळून म्हणाला, "निम्मे वाटलं? मंग मास्तरच हाय त्यो."

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा विषय निघाला. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, मग 'अनिवार्य' शब्दाला स्थगिती, जूनमध्ये सुधारित निर्णय, आणि २९ जूनला सगळंच मागं. त्या अडीच महिन्यांत पारावर दोन तट पडले. हिंदी आली तर पोरगं सुरतेला, दिल्लीला कामाला लागेल असं एकाचं म्हणणं. आधी मराठीतली बेरीज तर येऊ दे असं दुसऱ्याचं. दोघांनाही गुरुजींनी बरोबर ठरवलं. मी खासगीत विचारलं, "पण तुमचं मत काय?" ते म्हणाले, "मी मत ठरवत आलोच होतो, तेवढ्यात निर्णय मागं घेतला. आता माझ्या बाजूनं निरंक समजा."

हा माणूस शिकवतो केव्हा, असा प्रश्न मला बरेच दिवस होता. त्याचं उत्तर पोषण आहाराच्या नोंदवहीत मिळालं. एका सकाळी शाळेत गेलो तर चौथीची मुलं नोंदवहीभोवती कोंडाळं करून बसलेली. हजर एकतीस. माणशी तांदूळ शंभर ग्रॅम, डाळ वीस ग्रॅम. एक मुलगी ओरडली, "तीन किलो शंभर!" दुसरा म्हणाला, "डाळ सहाशे वीस!" तिसरा म्हणाला, "काल पस्तीस होती, मंग काल किती जास्त?" गुरुजी खिडकीत उभे राहून दुसरीकडे बघत होते, आपला काही संबंध नसल्यासारखे. वजन-उंचीची माहिती मागवली तेव्हा पोरांनीच फूटपट्टीनं भिंतीवर खुणा केल्या, सरासरी काढली, आणि शाळेत सगळ्यात उंच कोण यावरून मारामारी करून ती सोडवली. नावांच्या स्पेलिंगा आधारकार्डाशी जुळत नाहीत असं कळवलं गेलं, की तिसरी-चौथीचा इंग्रजीचा तास सुरू: कार्डावर काय आहे, हजेरीवर काय आहे, कुठलं अक्षर जास्तीचं. वरून जितकी माहिती मागवतील तितकं आमच्या पोरांचं गणित सुधारतं. तात्काळ मागवली तर तोंडी गणितही सुधारतं.

यावरही मत आलंच. कोणी तरी म्हणालं, "पोराकडनं सरकारी कामं करून घेत्यात." गुरुजींनी मान डोलावून तेही बरोबर असल्याचं सांगितलं.

नव भारत साक्षरता कार्यक्रमातली निरक्षरांची परीक्षा १७ मार्च २०२४ला झाली, तेव्हा हेच कसब म्हाताऱ्यांवर चाललं. रविवार असूनही शाळा भरली. नातवंडं आज्यांना घेऊन आली, पाणी पाजून, पेन देऊन, शिक्षकासारखा चेहरा करून दाराबाहेर उभी राहिली. एक आजी साऱ्या जन्मभर मेंढरांमागं फिरलेली. रात्रीच्या अंधारात वाड्यात एक कोकरू कमी असलं तर बसल्या जागी ओळखणारी. बेरजेचा प्रश्न गुरुजींनी वाचून दाखवला, तिनं त्यांचं वाक्य संपायच्या आत उत्तर सांगितलं.

"बरोबर. आता लिहा इथं."

"सांगितलं की येकदा. लिवायचं कशाला? मी काय खोटं बोलतीया?"

दाराबाहेरून तिसरीतली नात ओरडली, "आज्जे, लिव! न्हाई तर नापास व्हशील!" आजीनं पेन मुठीत काठीसारखं धरलं आणि लिहिलं. वर मान करून गुरुजींना विचारलं, "आता हे वर पाठवनार? तितं कोन मोजनार, त्येला येतंय का?"

आता हा माणूस संत आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचंही सांगतो. शिक्षक सोसायटीच्या निवडणुकीत गुरुजी ओळखू येत नाहीत. महिनाभर त्यांचा आवाज बसलेला असतो, गाडीच्या डिकीत पॅनेलची पत्रकं असतात, आणि जगातल्या कुठल्याही माणसाला बरोबर म्हणणारा हा गृहस्थ समोरच्या पॅनेलबद्दल जे बोलतो ते या नियतकालिकात छापता येणार नाही. कर्जाचा व्याजदर हा एकच विषय आहे ज्यावर त्यांना पक्कं मत आहे. बदल्यांच्या दिवसांत त्यांचं लक्ष ठिकाणावर नसतं. संवर्ग एक, संवर्ग दोन, अवघड क्षेत्र, पती-पत्नी एकत्रीकरण हे ते झोपेतही पुटपुटत असावेत. कारण त्यांच्या पत्नीही शिक्षिका आहेत, पलीकडच्या तालुक्यात. आपलं गाव अवघड क्षेत्रात मोडत नाही याचं गावाला वाईट वाटतं आणि गुरुजींना त्याहून जास्त.

आणि पट. पट विसाखाली गेलेल्या शाळांचं पुढं काय, या चर्चेनं त्यांची झोप उडते. आपल्या शाळेला अजून अवकाश आहे, पण जून आला की दहिवडीकडून पिवळी व्हॅन गावात येते. तिच्यावर इंग्रजीत शाळेचं नाव असतं आणि काचेत टाय लावलेल्या मुलाचं चित्र. मे महिन्यात गुरुजी घरोघर हिंडतात, वाड्यावस्त्यांवर जातात, मेंढरं घेऊन खाली गेलेल्या घरांना फोन करतात. यंदा तरीही चार पोरं व्हॅनमध्ये चढली. त्यासाठी समितीची बैठक लागली.

बैठकीला सगळी मतं एकदम हजर होती. आबा म्हणाले पाढे पाठ करून घेतले असते तर पोरं गेली नसती. सुभेदार म्हणाले बूट पाहिजेत. सरपंच म्हणाले अजून एक भिंत रंगवू. या सगळ्यांना गुरुजी आळीपाळीनं बरोबर म्हणत होते आणि अधूनमधून फोनवर वेळ बघत होते, कारण बैठकीचा फोटो बारापर्यंत पाठवायचा होता. इतिवृत्तही लिहून तयार होतं. बैठक व्हायच्या आधी इतिवृत्त लिहिण्यात काही गैर नाही. आमच्या गावात कोण काय बोलणार हे ठाऊकच असतं.

ठाऊक नव्हत्या त्या माळावरच्या ताई. बारावी झालेल्या, दोन मुलं शाळेत, समितीत पालक म्हणून. एरवी कोपऱ्यात बसून ऐकतात. त्या म्हणाल्या, "माझं बी मन हाय त्या व्हॅनकडं. खोटं कशाला बोलू? इंग्लिश यावं वाटतंय पोरास्नी. पर गुर्जी, येक इचारू? तुमचं पोरगं कुठल्या शाळंत हाय?"

हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि आजवर कोणी विचारलं नव्हतं. सुभेदारांनी टोपी सारखी केली. मी कायद्याचं पुस्तक उघडलं.

"दहिवडीला," गुरुजी म्हणाले. "इंग्लिश मीडियमला."

"तितं कसं शिकवत्यात?"

"इंग्लिश बरं आहे. शुद्धलेखन जरा... आणि गणित मी घरी घेतो. रोज, संध्याकाळी."

"म्हंजी फी त्यास्नी, आन् शिकवायचं तुमी."

"बरोबर आहे तुमचं," गुरुजी म्हणाले. ते सवयीनं निघून गेलं होतं; आपण काय कबूल केलं ते त्यांना जरा उशिरा कळलं, कान लाल झाले त्यावरून दिसलं.

ताई हसल्या नाहीत. सरळ हिशेबाचं बोलावं तशा म्हणाल्या, "मग घाला की त्येला हितं. रोज गाडीवर मागं बसून यील. गणित दिवसाच हुईल, संध्याकाळ मोकळी. तुमी आनलं, तर मी बी व्हॅनचं नाव काढनार न्हाई. आन् पट बी येकानं वाढंल."

गुरुजींनी तोंड उघडलं. समिती वाट बघत होती. आबासुद्धा काठीवर हनुवटी टेकवून पुढं वाकले होते. गुरुजींनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

मी समितीत आल्यापासून एकही सूचना केलेली नव्हती. ती मी तेव्हा केली: हे इतिवृत्तात घ्यावं. गुरुजी म्हणाले, इतिवृत्त तर पूर्ण झालंय. मी वही ओढून घेतली. शेवटी 'ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने' असं लिहून खाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. अध्यक्षांनी परवानगी दिली. गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या त्या देखण्या, वळणदार अक्षरात लिहिलं: 'शिक्षकांच्या पाल्याच्या या शाळेतील प्रवेशाबाबत चर्चा झाली. घरी विचारून कळविण्याचे ठरले.' सूचक म्हणून ताईंनी सही केली, अनुमोदक म्हणून मी.

ताई वहीवर वाकून सगळं पुन्हा एकदा वाचत होत्या. म्हणाल्या, "वरती 'तात्काळ' लिवा, गुर्जी."